स्पॉट वेल्डिंगची टिप सारखी फुलते, चिकटते? कॉपर बदलण्याआधी हे तपासा

‘टिप टिकत नाही, जरा चांगलं कॉपर द्या.’ भोसरी, चाकण, वाळूज, शिरोली, एमआयडीसी कुठलीही असो, पर्चेसवाल्याचा सूर हाच. मी टिपा (पत्रे दाबून त्यांतून करंट सोडणारी कॉपरची टोकं) आणि डाय बनवूनही देतो आणि मशीनवर जाऊन बघूनही येतो. बघायला गेलं की बहुतेक ठिकाणी कॉपर निर्दोष निघतं. दोष पाण्यात असतो, फेसच्या (टिपचा पत्र्याला टेकणारा भाग) मापात असतो नाहीतर हवेच्या दाबात असतो. जिथे खरंच धातू चुकलेला असतो तिथेही बऱ्याचदा तो मऊ नसतो, गरजेपेक्षा कडक असतो.

म्हणून खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून सुरू होतो आणि मिश्रधातू शेवटी येतो. आकडे देताना १ मिमीचे दोन सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रे, हवेच्या सिलिंडरवर चालणारं साधं पेडेस्टल मशीन आणि ५० हर्ट्‌झचा एसी पुरवठा धरलाय. जाड पत्रा, रोबो गन किंवा मिडफ्रिक्वेन्सी मशीन असेल तर आकडे बदलतील, क्रम बदलणार नाही.

लक्षणं

आधी खराब टिप हातात घेऊन नीट बघा. फेकून देऊ नका. शिफ्टभरातल्या टिपा डब्यात साठवल्या तरी निम्मं निदान होतं.

टिपचा फेस पसरलाय आणि कडेला ओठ आलाय: याला सगळे ‘मशरूम झाली’ म्हणतात. सकाळी स्पॉट पक्के असतात, दुपारपर्यंत पील टेस्टमध्ये, म्हणजे जोडलेले पत्रे सोलून बघताना, बटण (एका पत्र्यातून उखडून येणारा वेल्डचा गोल तुकडा) निघेनासं होतं. उष्णता आणि दाब मिळून कॉपर मऊ पडल्याची ही खूण.

टिप पत्र्याला चिकटते, ऑपरेटर हातोडीने उडवतो: फेसवर उष्णता जास्त झालीये किंवा पत्र्यावरचं काहीतरी कॉपरमध्ये मिसळतंय.

फेसवर खड्डे आणि पितळी झाक: जीआय (जस्त चढवलेला) पत्रा. जस्त कॉपरमध्ये शिरून तिथे अक्षरशः पितळ तयार होतं.

फेस एका बाजूला झिजलाय किंवा तिरपा बसलाय: अलाइनमेंट.

टिप अंगाने निळसर-करडी पडलीये, शँकला (टिपच्या दांड्याला) हात लावला तर चटका बसतो: पाणी.

फेस ठीक आहे, पण टिपला भेगा पडल्यात किंवा कडेचा टवका उडालाय: धातू ठिसूळ आहे, त्याची उष्णताप्रक्रिया चुकलीये किंवा हातोडी जरा जास्तच चालतेय.

प्रोजेक्शन वेल्डिंगमध्ये (नटासारखा भाग त्याच्या छोट्या उंचवट्यांवर दाबून पत्र्याला जोडतात) खालच्या डायवर नटाच्या मापाचा गोल खड्डा: इथे मात्र धातूचा प्रश्न असण्याची शक्यता खरीखुरी आहे. तुमचं लक्षण हेच असेल तर पहिल्या चार तपासण्या भराभर उरका आणि खाली या.

हे दुष्टचक्र कसं फिरतं

एकदा समजून घ्या, म्हणजे पुढची प्रत्येक तपासणी कशासाठी आहे ते कळेल. स्पॉटची उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, पण नगेट (पत्र्यांमध्ये वितळून जुळलेला भाग) तयार होतं ते चौरस मिलिमीटरमागे किती करंट जातोय त्यावर. ६ मिमीचा फेस पसरून ७ मिमी झाला की क्षेत्रफळ ३६ टक्के वाढतं. ८ मिमी झाला की ७८ टक्के. करंट तोच, पण तो जास्त जागेत विभागला गेला, दाबही विभागला गेला, म्हणून स्पॉट कच्चा. मग ऑपरेटर हीट (कंट्रोलरवरची करंटची सेटिंग) वाढवतो. वाढलेल्या हीटने टिप आणखी तापते, आणखी पसरते. शिफ्ट संपेपर्यंत कंट्रोलर ९० टक्क्यांवर पोचलेला असतो आणि पुढच्या शिफ्टचा माणूस तिथूनच सुरुवात करतो. असं मशीन बघितलं की हीटची नॉब हा सगळ्यात महागडा पार्ट वाटू लागतो.

पहिली तपासणी: पाणी

लागणारी साधनं: बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ.

परतीची नळी सोडून एक मिनिट बादलीत धरा. एका टिपमागे किमान ४ लिटर पाणी आलं पाहिजे. वरची आणि खालची टिप वेगवेगळी मोजा. ‘पाणी चालू आहे’ या उत्तरावर समाधान मानू नका. चूळ भरता येईल एवढी धार सगळीकडेच असते.

धार कमी असेल तर आधी नळ्या कुठे दुमडल्यात ते बघा, मग गाळणी, मग क्षार. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या शॉपमध्ये होल्डरच्या आत पांढरा थर असतोच. क्षाराचा पातळ थरही उष्णता अडवतो, म्हणजे पाणी वाहतंय पण कॉपरपर्यंत पोचत नाही. होल्डर काढून सौम्य डिस्केलरने धुवा आणि टाकीत मऊ केलेलं पाणी भरायची सवय लावा.

धार चांगली आहे आणि तरी टिप गरम? मग तीन गोष्टी उरतात. एक, होल्डरच्या आतली पाण्याची बारीक नळी. तिचं टोक टिपच्या भोकाच्या तळाशी पोचलं पाहिजे, तळापासून ३ ते ६ मिमीवर. टोक ४५ अंशांत तिरपं कापलेलं असावं, म्हणजे चुकून तळाला टेकली तरी पाणी अडत नाही. लांब टिप काढून आखूड लावली किंवा आखूड काढून लांब, की हे अंतर बिघडतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. दोन, नळ्यांची अदलाबदल. थंड पाणी आतल्या नळीतून थेट टिपच्या तळावर आदळून बाहेरच्या बाजूने परत आलं पाहिजे. उलट जोडलं तर तळाशी वाफेचा बुडबुडा अडकून राहतो. तीन, वरच्या टिपचं गरम पाणी तसंच खालच्या टिपला जोडलेलं असणं. नळी वाचते, खालची टिप जाते. दोन्हींना वेगळी लाइन द्या.

आत येणारं पाणी ३० अंशांच्या आत हवं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखालची उघडी टाकी याहून सहज वर जाते. चिलर असेल तर पावसाळ्यात उलटी काळजी घ्या. पाणी फार थंड ठेवलं तर ट्रान्सफॉर्मर आणि थायरिस्टरवर (करंट चालू-बंद करणारा भाग) दमटपणाने थेंब जमतात, आणि त्याचं बिल टिपेच्या बिलापेक्षा फार मोठं येतं.

दुसरी: फेसचं माप आणि ड्रेसिंग

व्हर्नियर घ्या. फेसचा व्यास अंदाजे पाच गुणिले पत्र्याच्या जाडीचं वर्गमूळ, मिलिमीटरमध्ये. १ मिमीला ५, २ मिमीला ७ च्या आसपास. १ मिमीसाठी ६ मिमीचा फेस प्रत्यक्षात सर्रास वापरतात आणि ते चालतं. साडेसातवर काम चालू असेल तर पुढचं काही तपासण्यात अर्थ नाही. आधी टिप ड्रेस करा (फेस कापून पुन्हा मूळ मापात आणा), हीट मूळ सेटिंगवर आणा आणि पील टेस्ट घ्या. १ मिमीला ४ मिमीच्या वर बटण निघालं पाहिजे.

ड्रेसिंग कशाने करता? कानसने असेल तर तिथेच अडकलात. कानसने दोन्ही टिपांचे फेस समांतर राहत नाहीत. डोमची त्रिज्या जाते आणि दर माणसागणिक वेगळा आकार होतो. हाताने फिरवायचा कटर ड्रेसर फारसा महाग नाही. ठरावीक स्पॉटनंतर, फेस बिघडायच्या आधीच ड्रेस करा. ‘खराब दिसली की करू’ म्हटलं की मिलिमीटरऐवजी तीन मिलिमीटर कॉपर उडवावं लागतं.

ड्रेस करून करून टिप आखूड होते हेही बघा. फेस आणि पाण्याच्या भोकामध्ये ३ मिमीच्या आसपास धातू उरला की ती टिप निवृत्त. त्यापुढे तळ फुटून पाणी जॉबवर येतं.

तिसरी: अलाइनमेंट

दोन कोऱ्या कागदांमध्ये कार्बन पेपर ठेवा, वेल्ड बंद करून नुसता दाब द्या. ठसा पूर्ण गोल आला तर ठीक. चंद्रकोर आली तर टिपा एकमेकींवर नीट बसत नाहीयेत. अर्ध्या फेसवर सगळा करंट जातो आणि तो अर्धा भाग जळतो. होल्डरची पकड ढिली आहे का, खालचा आर्म वाकतो का ते बघा. आर्म दाबाखाली खाली जाताना डोळ्यांना दिसत असेल तर तो बदलायचाच. टिपेचा टेपर होल्डरमध्ये पुसून बसवा. त्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळून पाणी थांबवायचा जो प्रकार दिसतो तो करंटच थांबवतो.

चौथी: दाब

गेजवर ५ बार दिसतंय म्हणून टिपेवर पुरेसा दाब आहे असं होत नाही. हिशोब करा. ८० मिमी बोअरच्या सिलिंडरचं क्षेत्रफळ सुमारे ५०२७ चौरस मिमी. ५ बारला साधारण २५०० न्यूटन, म्हणजे अडीचशे किलोच्या आसपास. १ मिमीच्या जोडीला साधारण इतकंच लागतं. आता शेजारचं प्रेस चालू झालं आणि लाइन साडेतीन बारवर आली की उरतात पावणेदोन हजार न्यूटन. दाब कमी झाला की दोन पत्र्यांमधला आणि टिप-पत्र्यामधला संपर्क खराब होतो, तिथला रोध वाढतो, ठिणग्या उडतात. यातली टिपेजवळची उष्णता थेट तुमच्या कॉपरच्या खात्यात जमा होते. ठिणग्या बघून हीट कमी करणारे बरेच भेटतात. त्याआधी दाब वाढवून बघावा.

फोर्स गेज मिळाला तर उत्तमच. घासलेली सील, सुकलेला सिलिंडर, अर्धा उघडलेला फ्लो कंट्रोल हे सगळं हिशोबात दिसत नाही, गेजवर दिसतं. स्क्वीझ टाइम, म्हणजे करंट सुटण्याआधीचा नुसत्या दाबाचा वेळ, तोही तपासा. टिप पत्र्यावर पूर्ण दाब घेऊन बसायच्या आत करंट सुटत असेल तर दर स्पॉटला एक छोटा स्फोट होतो. स्क्वीझ दहा सायकलने (५० हर्ट्‌झला एक सायकल म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग) वाढवून बघा. ठिणग्या थांबल्या तर कारण सापडलं.

पाचवी: पत्रा आणि सेटिंग

कॉइल बदलली का? हा प्रश्न स्टोअरला विचारा, ऑपरेटरला नाही. गंज, एचआर (हॉट रोल्ड) पत्र्यावरचं काळं स्केल, जाड तेल, पावडर कोटिंगचे शिंतोडे हे सगळं टिपेवर जळून बसतं. सीआरऐवजी जीआय आला असेल तर तो वेगळाच खेळ आहे. जस्त ४१९ अंशांना वितळतं, लोखंडाच्या खूप आधी, आणि वितळलेलं जस्त पसरून करंटला वाट करून देतं. म्हणून जीआयला करंट आणि वेळ दोन्ही जास्त लागतात. दोन ड्रेसिंगमधले स्पॉट मात्र सीआरपेक्षा बरेच कमी मिळतात. हे सामान्य आहे. जीआयवर सीआरएवढं टिप-आयुष्य मागणाऱ्या मॅनेजरला कुठलाही मिश्रधातू समाधान देऊ शकत नाही.

सेटिंगबद्दल थोडक्यात: १ मिमी सीआरला ८ ते १० किलोअँपिअर आणि १० सायकलच्या आसपास वेळ ही सुरुवात. २५-३० सायकल चालू असतील तर करंट कमी पडतोय आणि वेळेने भरपाई केली जातेय. वेळ लांबला की उष्णता पत्र्यातून टिपेकडे वाहत राहते. कमी वेळ आणि पुरेसा करंट टिपेला नेहमीच सोसवतो. कंट्रोलरमध्ये स्टेपर असेल, म्हणजे स्पॉट वाढतील तसा करंट थोडा थोडा वाढवणारी सोय, तर ड्रेसिंगनंतर तो शून्यावर आणला जातो का ते बघा. बऱ्याचदा कुणी आणतच नाही, आणि नव्याकोऱ्या फेसवर जुन्या फेसचा वाढीव करंट पडतो.

इथपर्यंत काहीच सापडलं नाही, तर आता कॉपरकडे वळायला हरकत नाही.

सहावी: जे मागवलं तेच आलंय का?

क्रोम कॉपर, झिरकोनियमवालं क्रोम कॉपर आणि साधं ईटीपी कॉपर (विजेच्या कामाचं शुद्ध तांबं), तिन्ही रॉड शेजारी ठेवले तर डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. ओढून कडक केलेला ईटीपी रॉड कानसलाही बरा लागतो. पण त्याचा कडकपणा नुसत्या ओढण्यातून आलेला असतो, आणि तो दोनशे अंशांच्या आसपास गेला की उतरायला लागतो. क्रोम-झिरकोनियम कॉपर मात्र ५०० अंशांच्या जवळपास तग धरतं. टिप टिकते ती या फरकामुळे.

घरच्या घरी करता येणारी खात्रीची चाचणी आहे. रॉडचा तुकडा कापा, रॉकवेल बी वर (कडकपणा मोजायची एक पट्टी) कडकपणा घ्या. शेजारच्या टूलरूमकडे किंवा हीट ट्रीटमेंटवाल्याकडे ओव्हन असतोच. त्यात ४०० अंशांवर तासभर ठेवा, गार करा, पुन्हा मोजा.

आकडा जवळपास तोच राहिला: माल ठीक आहे.
आकडा कोसळून निम्म्याच्याही खाली गेला: तुम्हाला साधं कॉपर मिळालंय.
आकडा वाढला: हे बघून लोक खूश होतात, पण ही तक्रारीचीच गोष्ट आहे. धातू क्रोम कॉपरच आहे, पण त्याची शेवटची प्रक्रिया, म्हणजे एजिंग, झालेलीच नाही. हा मिश्रधातू हजार अंशांच्या जवळ तापवून पाण्यात विझवतात, मग साडेचारशेच्या वर काही तास ठेवतात. त्या दुसऱ्या टप्प्यात क्रोमियमचे अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात आणि कडकपणा येतो, शिवाय विद्युतवाहकताही तेव्हाच वाढते. ती पायरी गाळलेला रॉड मऊही असतो आणि करंटलाही अडवतो.

चांगल्या क्रोम-झिरकोनियम रॉडचा कडकपणा रॉकवेल बी वर ७५ ते ८३ च्या दरम्यान आणि वाहकता शुद्ध तांब्याच्या ७५ टक्क्यांच्या वर असते. जाड रॉडचा गाभा थोडा मऊ लागू शकतो. वाहकता मोजायचं हातातलं मीटर मोठ्या सप्लायरकडे असतं, त्यांच्याकडूनच सर्टिफिकेटवर दोन्ही आकडे मागा. नुसती रासायनिक घटकांची यादी पुरेशी नाही, कारण प्रक्रिया चुकलेल्या मालाचीही यादी बरोबरच येते. आणखी एक: हातात धरायच्या एक्स-रे गनला बेरिलियम दिसत नाही. बेरिलियम कॉपर म्हणून विकत घेतलेला माल तपासायचा असेल तर लॅबमध्ये स्पार्क स्पेक्ट्रोवरच पाठवा.

एक गुन्हा शॉपमध्येच घडतो. तुटलेल्या टिपेला किंवा शँकला गॅसवर ब्रेझिंग करून (दुसरा धातू वितळवून सांधून) पुन्हा वापरतात. ब्रेझिंगचं तापमान सहाशेच्या वर जातं, तिथे हे कण मोठे होऊन कडकपणा कायमचा जातो. दिसायला टिप नवी, आतून साध्या कॉपरसारखी मऊ.

सातवी: कामाला साजेसा धातू

आरडब्ल्यूएमए या अमेरिकी संघटनेने पाडलेले वर्ग आपल्याकडचे सप्लायरही वापरतात, म्हणून तीच भाषा ठेवतो. या सगळ्या वर्गवारीत एक वजनकाटा आहे: एका पारड्यात वाहकता, दुसऱ्यात कडकपणा. एक वर गेलं की दुसरं खाली येणारच.

क्लास १ म्हणजे झिरकोनियम कॉपर. झिरकोनियम साधारण ०.१५ टक्के, वाहकता शुद्ध तांब्याच्या ८० टक्क्यांच्या वर, कडकपणा बेताचा. अॅल्युमिनियमला आणि काही जीआय कामांना बरं. याच वर्गातलं जुनं कॅडमियम कॉपर कुठे पडून असेल तर ते तापवू नका, घासू नका. त्याचा धूर विषारी असतो.

क्लास २ म्हणजे क्रोम कॉपर आणि क्रोम-झिरकोनियम कॉपर, सी१८२०० आणि सी१८१५० (हे मिश्रधातूंचे क्रमांक). तुमचं काम सीआर किंवा जीआय पत्र्याचं असेल तर विचार इथेच सुरू व्हावा आणि बहुधा इथेच संपावा. दोघांत निवड करायची तर मी झिरकोनियमवालं घेतो. तापल्यावर ते जास्त वेळ कडक राहतं, भेगा कमी पडतात आणि जस्ताच्या पत्र्याला चिकटण्याचा त्रास थोडा कमी होतो. किमतीतला फरक ड्रेसिंगच्या वेळेत भरून निघतो.

क्लास ३ वर थोडं थांबतो, कारण गोंधळ इथे होतो. यात बेरिलियम-निकेल कॉपर सी१७५१०, बेरिलियम-कोबाल्ट कॉपर सी१७५०० आणि बेरिलियम नसलेलं निकेल-सिलिकॉन-क्रोम कॉपर सी१८००० येतात. कडकपणा रॉकवेल बी वर ९० च्या वर, वाहकता मात्र ४५-५० टक्क्यांच्या घरात. टिप फुलते म्हणून कुणीतरी सल्ला देतो, ‘क्लास ३ घाला, दगड आहे.’ सीआर पत्र्यावर घातली की टिप फुलत नाही, चिकटायला लागते. कारण वाहकता निम्मी झाल्यावर टिप स्वतःच जास्त तापते आणि पत्र्यातली उष्णताही पाण्याकडे सावकाश नेते. फेसवरचं तापमान वाढतं. मग दाब वाढवा, करंट फिरवा, अशी कसरत सुरू होते.

क्लास ३ ची खरी जागा स्टेनलेसवर आहे. स्टेनलेसचा स्वतःचा रोध जास्त असल्याने करंट कमी पुरतो, पण तापल्यावरही तो ताठ राहतो म्हणून दाब भरपूर लागतो. तिथे कडकपणा कामी येतो आणि वाहकतेची कमतरता जाणवत नाही. दुसरी जागा प्रोजेक्शन वेल्डिंगच्या डाय, जाळी वेल्डिंगचे बार, सीम मशीनचे शाफ्ट आणि बुश, होल्डर. यातही बेरिलियम टाळता येत असेल तर सी१८००० वापरा. बेरिलियमची धूळ श्वासातून गेली तर फुप्फुसाचा न बरा होणारा आजार होऊ शकतो. ती कर्करोगकारक म्हणूनही वर्गीकृत आहे. असली टिप बेंच ग्राइंडरवर कोरडी घासणारा माणूस दिसला की मशीन तिथेच बंद करा. कूलंटखाली टर्निंग आणि कोरडं ग्राइंडिंग यांत फार फरक आहे.

क्लास ४ म्हणजे दोन टक्क्यांच्या आसपास बेरिलियम असलेलं सी१७२००. जवळपास स्टीलसारखं कडक, वाहकता शुद्ध तांब्याच्या साधारण पाचव्या हिश्श्याची. फ्लॅश-बट मशीनच्या पकड डाय, आधाराच्या प्लेट यांच्यासाठी. स्पॉटच्या टिपेला कधीच नाही. क्लास ५ अॅल्युमिनियम ब्रॉन्झचा, तोही ढाच्यांसाठी.

आता डायवरच्या नटाच्या खड्ड्याकडे. एम६, एम८ वेल्ड नट बसवताना सगळा दाब तीन-चार छोट्या प्रोजेक्शनवर येतो आणि खालची डाय तिथेच बसते. क्लास २ ची सपाट डाय असेल तर आधी क्लास ३ करून बघा. तरीही खड्डा पडत असेल तर क्लास २ च्या अंगात कॉपर-टंगस्टनचं इन्सर्ट बसवा. हे क्लास १० ते १२ मध्ये येतात: टंगस्टनच्या सापळ्यात कॉपर भरलेलं, त्यामुळे दाबाखाली बसत नाही. वाहकता कमी असल्याने इन्सर्ट पातळ ठेवा आणि त्याच्या अगदी खालपर्यंत पाणी आणा. ते ठिसूळ असतं, तिरपं दाबलं तर कडा उडतात, म्हणून अलाइनमेंटची तपासणी इथे दुप्पट महत्त्वाची. इन्सर्टचं सिल्व्हर ब्रेझिंग करताना डायचं अंग मऊ पडतं हे गृहीत धरूनच डायची जाडी ठरवा. जागा असेल तर इन्सर्ट दाबून बसवलेलं किंवा स्क्रूने धरलेलं मला जास्त आवडतं. आणि लोकेटर पिनचं इन्सुलेशन बघा. ते जळलं असेल तर करंट पिनमधून जातोय आणि बिचारी डाय फुकट बदनाम होतेय.

शुद्ध टंगस्टन आणि मॉलिब्डेनम, क्लास १३ आणि १४, यांचा विचार कॉपरची वेणी किंवा पितळेची पट्टी जोडायची असेल तेव्हाच करा. जॉबच एवढा चांगला वाहक असतो की तो स्वतः तापत नाही, मग टिप तापवून उष्णता द्यावी लागते. मॉलिब्डेनमला आकार देणं टंगस्टनपेक्षा सोपं जातं.

शेवटी अॅल्युमिनाचे सूक्ष्म कण मिसळलेलं कॉपर. यात कण एजिंगने बाहेर पडलेले नसतात, त्यामुळे तापलं तरी ते विरघळत नाहीत आणि कडकपणा फार वरच्या तापमानापर्यंत टिकतो. जीआयला चिकटणं खूप कमी होतं. किंमत क्रोम-झिरकोनियमच्या कितीतरी पट. रोबो लाइनवर टिप चिकटली की अख्खी लाइन थांबते, तिथे ती परवडते. पेडेस्टलवर एक माणूस काम करतोय तिथे मी कधी सुचवत नाही.

बदल करताना एका वेळी एकच गोष्ट, टिपांची जोडी किंवा डाय, बदला आणि सेटिंग पुन्हा लावा. क्लास २ ची सेटिंग क्लास ३ ला चालत नाही. वरची-खालची टिप वेगळ्या धातूची ठेवली तर उष्णता एका बाजूला सरकते. जाड आणि पातळ पत्र्याच्या जोडीत हे मुद्दाम करतात, पण ते ठरवून केलेलं असावं.

इथे थांबा, माणूस बोलवा

मशीनवर हात घालण्याआधी मेन स्विच आणि हवा दोन्ही बंद करून कुलूप लावा, हे सांगायला नको. सिलिंडरमधली उरलेली हवाही सोडा. छातीत पेसमेकर असलेल्या माणसाला चालू मशीनजवळ उभं करू नका.

वरच्या सगळ्या तपासण्या झाल्या, नव्या टिपा आहेत, तरी मीटरवर करंट स्पॉटगणिक वरखाली होत असेल तर दोष कंट्रोलर, थायरिस्टर किंवा पुरवठ्याच्या व्होल्टेजमध्ये आहे. प्रायमरीला ४१५ व्होल्ट असतात. ते कॅबिनेट मेंटेनन्सच्या माणसाने उघडायचं नाही, मशीन बनवणाऱ्याच्या सर्व्हिस इंजिनिअरनेच उघडायचं. ट्रान्सफॉर्मरमधून पाणी झिरपतंय, जळका वास येतोय, सेकंडरीचा शंट (करंट नेणारी लवचिक पट्ट्यांची जोडणी) काळा पडलाय किंवा त्याच्या पट्ट्या तुटल्यात: मशीन बंद, लगेच फोन. कपॅसिटर डिस्चार्ज मशीन असेल तर स्विच बंद केल्यावरही आत जीवघेणा साठा असतो, त्याचं झाकणसुद्धा काढू नका.

आणि जॉब सीट, ब्रेक, चॅसिस यांसारखा सुरक्षेचा असेल तर धातू, फेस किंवा सेटिंग यांतलं काहीही बदलण्याआधी ग्राहकाच्या वेल्डिंग इंजिनिअरची लेखी मंजुरी घ्या. टिप जास्त टिकली पण बटण लहान झालं, तर परत येणारा माल तुमच्या खर्चाने येतो. बोलवायच्या माणसासाठी हे तयार ठेवा: साठवलेल्या खराब टिपा, बादलीचा आकडा, कार्बनचा ठसा, ओव्हनच्या आधीचा आणि नंतरचा कडकपणा, कॉइलचं सर्टिफिकेट.